ग्रोथ फॅक्टरची पहिली व्हायल उघडण्यापूर्वी

प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती रिकॉम्बिनंट ह्यूमन ईजीएफची (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारे प्रथिन) व्हायल पहिल्यांदा येते, तेव्हा ती रिकामीच आहे असे त्याला वाटते. आत अवघे १०० मायक्रोग्रॅम प्रथिन असते. गोठवून सुकवल्यामुळे त्याचा विरळ पापुद्रा तळाशी किंवा भिंतीला चिकटलेला असतो आणि वाहतुकीत त्यातला काही भाग झाकणापर्यंतही उडालेला असतो. म्हणून झाकण काढण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून घ्यावी, द्रावक भिंतीवरून हळूच सोडावा आणि व्होर्टेक्स (यंत्रावर जोराने घुसळणे) न करता व्हायल काही मिनिटे अलगद हलवत ठेवावी. जोराने ढवळल्यास फेस येतो, आणि फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी मोडण्याचा धोका असतो.

ईजीएफ म्हणजे ५३ अमिनो आम्लांची, सुमारे ६ किलोडाल्टन वजनाची, तीन डायसल्फाइड बंधांनी आवळलेली साखळी. स्टॅन्ली कोहेन यांनी ते प्रथम उंदराच्या लाळग्रंथींतून वेगळे केले, आणि ग्रोथ फॅक्टरांच्या शोधासाठी त्यांना व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून ते तयार करता येते. या प्रथिनाच्या कार्याला शर्करेच्या साखळ्या लागत नसल्याने जिवाणू पुरेसे ठरतात. मात्र जिवाणूंचे एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातला विषारी घटक) किती उरले आहे, हे उत्पादकाच्या प्रमाणपत्रात पाहिल्याशिवाय ते पेशींवर वापरू नये.

माझी चूक याच्या पुढच्या पायरीवर झाली. सोयीसाठी मी साठ्याचे द्रावण साध्या बफरमध्ये १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत पातळ केले, नेहमीच्या प्लॅस्टिक नळीत भरले आणि दोन आठवडे फ्रिजमधून काढून वापरत राहिलो. एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींची वाढ मंदावत गेली. मी आधी सीरमवर, मग इन्क्युबेटरवर आणि शेवटी पेशींवरच संशय घेतला. सगळी वही चाळून झाल्यावर एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी एवढेच विचारले, "टाकलंस किती ते कळलं. पेशींपर्यंत पोहोचलं किती?"

इतक्या पातळ द्रावणातले प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटते. दाट द्रावणात ही घट नगण्य असते, पण नॅनोग्रॅमच्या हिशेबात तीच मोठा वाटा खाऊन जाते. ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घातले की भिंतीवरच्या जागा ते आधी व्यापते आणि मोलाचे प्रथिन द्रावणात राहते. मी जुने व ताजे द्रावण शेजारी ठेवून ०.१, १, १० आणि १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा मात्रा दिल्या. ताज्या द्रावणाने पेशी अपेक्षेप्रमाणे वाढल्या, जुन्याने शेवटची मात्रा येईपर्यंत जवळजवळ काहीच घडले नाही.

त्यानंतर मी साठा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच ठेवतो. ५० मिलिलिटर माध्यमात १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवे असेल, तर या साठ्यातले ५ मायक्रोलिटर पुरतात. याहून कमी मोजायचे असल्यास मधले द्रावण बीएसएसह त्याच दिवशी करावे. साठ्याचे एका वेळेपुरते छोटे वाटे, म्हणजे अ‍ॅलिक्वॉट करून उणे ८० अंशांत ठेवावेत. एकदा वितळलेला अ‍ॅलिक्वॉट पुन्हा गोठवू नये.

ही पद्धत प्रत्येक ग्रोथ फॅक्टरला लागू पडेल असे मात्र धरून चालू नये. टीजीएफ-बीटा १ या ग्रोथ फॅक्टरसाठी द्रावक म्हणून बहुधा ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बीएसए वापरतात. एफजीएफ-२ तर ३७ अंशांना माध्यमातच झपाट्याने निष्क्रिय होते, म्हणून स्टेम पेशींचे माध्यम रोज बदलण्याची प्रथा पडली.

प्रमाणपत्रावरचा ईडी५० हा आकडा नवखे विद्यार्थी नजरेआड करतात. पेशींचा निम्मा प्रतिसाद ज्या मात्रेला मिळतो, ती ही मात्रा. दहा लाखाला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधल्या या मात्रेने भागले की प्रति मिलिग्रॅम क्रियाशीलतेची युनिट मिळतात, म्हणजे ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला ५० लाख. पण तो आकडा उत्पादकाच्या पेशींवरचा असतो, आपल्या नव्हे. त्यामुळे लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की मी मात्रांची तीच मालिका पुन्हा लावतो, आणि दोन्ही वक्र जुळेपर्यंत जुन्या लॉटचे निदान दोन अ‍ॅलिक्वॉट फ्रीझरमध्ये राखून ठेवतो.