सस्पेन्शन सीटपोस्ट लावला, तरी हादरे बसतातच? या चुका टाळा

नागपुरात सायकलवाल्याला हादरे दोन प्रकारचे बसतात. एक सिमेंट रोडच्या सांध्यांचे: बारीक, ठरावीक अंतरावर येणारे, तासाभरानं कंबर धरायला लावणारे. दुसरे न सांगता येणारे: खचलेला गट्टू, सिमेंट संपून डांबर सुरू होतं तिथली पायरी, रंग उडालेला स्पीड ब्रेकर. सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते तो खांब, पण दबणाऱ्या स्प्रिंगचा, दोन्हींवर उपयोगी पडतो. पण तो डब्यातून काढला, फ्रेमच्या नळीत घातला आणि निघालं, असं होत नाही. ‘पैसे वाया गेले’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पोस्ट चांगलाच असतो, फक्त त्याला कुणी ॲडजस्ट केलेलं नसतं.

दुखणं एक, औषध दुसरं

हा पोस्ट फक्त सीटवर पडणाऱ्या वजनाखाली काम करतो. मनगटं, खांदे, मान दुखत असतील तर त्याचा दोष सीटपोस्टकडे नाही. पॅडलवर उभं राहून चालवताना तर तो असून नसल्यासारखाच.

विकत घ्यायच्या आधी टायरची हवा पाहा. आपल्याकडे हवा भरणारा माणूस टायर दगडासारखा होईपर्यंत थांबत नाही आणि आपणही अंगठ्यानं दाबून खूश होतो. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भराच असं त्याचं म्हणणं नाही. ७० किलोच्या माणसाला ३८–४० मिमी रुंद टायरमध्ये साधारण ४५ ते ५५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) पुरते. एकदम सोडू नका, पाच-पाच पीएसआयनं उतरवत जा. गड्ड्यात रिम टेकून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडल्या, तर हवा फार उतरली असं समजा. निम्म्या लोकांची तक्रार इथंच मिटावी असं माझं मत आहे, आणि यात खर्च काहीच नाही. सीटची रुंदी हाडांना जुळत नसेल तर मात्र आधी सीट बदला. चुकीच्या सीटखाली कितीही चांगली स्प्रिंग लावली तरी टोचायचं ते टोचणारच.

‘बसतोय ना, मग झालं’

सीटपोस्टचा व्यास मिलिमीटरच्या दशांशात मोजतात. २७.२, ३०.९ आणि ३१.६ हे नेहमीचे. शेवटच्या दोघांत फक्त ०.७ मिमीचा फरक आहे, डोळ्याला तो दिसत नाही. जुना पोस्ट बाहेर काढा, खालच्या बाजूला आकडा कोरलेला असतो. पुसला असेल तर व्हर्नियर कॅलिपर लावा, शिंप्याच्या टेपनं अंदाज करू नका. बारीक पोस्ट जाड नळीत बसवायला तयार शिम, म्हणजे मधली फट भरणारी पातळ धातूची नळी, मिळते. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळून बसवलेला पोस्ट आज घट्ट वाटतो, पण हळूहळू खाली सरकतो आणि फ्रेमची नळी आतून खराब करतो.

दुसरं माप लोक घेतच नाहीत, ते उंचीचं. फ्रेमच्या नळीच्या वरच्या कडेपासून सीटखालच्या दांड्यांपर्यंत किती जागा आहे? सस्पेन्शनचा भाग फ्रेमच्या आत जात नाही, तो वरच राहतो आणि त्याला बऱ्याच मॉडेलांत १० सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते. कमी उंचीच्या माणसानं मोठ्या फ्रेमची सायकल घेतली असेल तर पोस्ट पूर्ण खाली घालूनही सीट उंचच राहते. उलट उंच माणूस पोस्ट इतका वर ओढतो की किमान खोलीची खूण बाहेर येते. ती खूण दिसता कामा नये. पोस्ट मोडला तर तो चालत्या सायकलवर, तुम्ही वर बसलेले असतानाच मोडतो.

प्रकार दोन. टेलिस्कोपिक म्हणजे बाइकच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरसारखी नळीत सरकणारी नळी. स्वस्त आणि दिसायला साधी, पण तिच्यात घर्षण जास्त. त्यामुळे मोठ्या गड्ड्याला दबते आणि सिमेंटच्या सांध्यांचे बारीक हादरे मात्र तसेच वर पोचवते. दुसरा लिंकेजचा: समांतर दांड्यांवर सीट मागे आणि खाली झुलते. चाकाला बसलेला मार सीटला वर आणि मागे ढकलतो, त्या दिशेशी हा झोका बराचसा जुळतो, म्हणून बारीक हादऱ्यांवरही तो काम करतो. सिव्हिल लाइन्समधून ऑफिसला जाण्यापुरती सायकल असेल तर टेलिस्कोपिक पुरे. रविवारी तर्री-पोह्याच्या निमित्तानं तीस-चाळीस किलोमीटर होत असतील तर लिंकेजसाठी पैसे साठवा.

प्रीलोड म्हणजे कडकपणा नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे. पोस्टच्या तळाशी ॲलन कीनं फिरणारा एक प्लग असतो. पोस्ट मऊ वाटला की कुणीतरी सल्ला देतो, ‘भाऊ, अजून दोन आटे दे, कडक होऊन जाईल.’ होत नाही. प्लग आवळल्यानं स्प्रिंग बदलत नाही, ती फक्त आधीपासून थोडी दाबलेली राहते. हाच प्रीलोड.

हिशेब करून पाहू. समजा, स्प्रिंगला दर मिलिमीटरला २ किलो भार लागतो आणि पोस्टची एकूण हालचाल ४० मिमी आहे. माणसाचं वजन ७५ किलो असलं तरी काही भार हातांवर, काही पायांवर जातो. सीटवर ५० किलो धरू. प्रीलोड शून्य असेल तर बसल्याबरोबर पोस्ट २५ मिमी खाली जाईल आणि गड्ड्यासाठी फक्त १५ मिमी उरतील. ३० किलोचा जादा दणका बसला की तो ठक्कन तळाला टेकणार. आता प्लग आवळून स्प्रिंग १५ मिमी आधीच दाबून ठेवली, म्हणजे ३० किलोचा प्रीलोड दिला. बसल्यावर पोस्ट १० मिमीच खाली जाईल, ३० मिमी शिल्लक राहतील आणि तळ गाठायला ६० किलोचा जादा दणका लागेल. पण दर मिलिमीटरला लागणारा भार आधीही २ किलो होता, आताही २ किलोच आहे. बदलली ती सुरुवातीची जागा.

हीच सायकल घरातल्या हलक्या माणसानं घेतली, सीटवर भार २८ किलो पडला, तर बसल्यावर पोस्ट जागचा हलतच नाही. बारीक हादऱ्यांपुरता त्याच्यासाठी तो जवळजवळ साधाच पोस्ट.

बसल्यावर पोस्ट जितका दबतो त्याला सॅग म्हणतात. तो एकूण हालचालीच्या पाचवा ते चौथा हिस्सा असावा: ४० मिमीच्या पोस्टला ८ ते १० मिमी, ५० मिमीच्या पोस्टला १० ते १२ मिमी. मोजायला दुसरा माणूस लागतो. सायकल भिंतीला टेकवा, दोन्ही पाय पॅडलवर, हात हँडलवर, रोजची लॅपटॉपची बॅग पाठीवर. बॅग रोज असते आणि मोजताना खाली ठेवता, मग माप कसं जुळणार? फ्रेमच्या क्लॅम्पपासून सीटच्या दांडीपर्यंतचं अंतर आधी रिकामं आणि मग बसून मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरचं दबणंही त्यात मिसळतं.

प्लग इतकाही सोडू नका की तो पोस्टच्या तळाबाहेर येईल. कडेशी समतल किंवा आत, एवढाच. तिथपर्यंत सोडूनही पोस्ट दबत नसेल, किंवा पूर्ण आवळूनही जास्तच दबत असेल, तर आणखी फिरवणं थांबवा. स्प्रिंग तुमच्या वजनाची नाही. बऱ्याच कंपन्या वजनानुसार वेगवेगळ्या स्प्रिंगा देतात, ती मागवा. आणि पोस्ट बाहेर काढण्याआधी उंचीच्या जागी चिकटपट्टी लावा, नाहीतर दर वेळी सीट नव्यानं जुळवत बसाल.

सॅग झाला, सीटची उंची राहिली

साध्या पोस्टच्या मापानं सीट लावली तर बसल्यावर ती सेंटिमीटरभर खाली गेलेली असते. आठवड्याभरात गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखू लागतं. म्हणून सॅगइतकी सीट वर घ्या. टाच पॅडलवर, पॅडल सगळ्यात खाली, पाय जेमतेम सरळ. ही जुनी परीक्षा बसलेल्या अवस्थेत करा. लिंकेजच्या पोस्टवर सीट थोडी मागेही जाते, तेव्हा सीटखालच्या दांड्यांवर ती काही मिलिमीटर पुढे सरकवावी लागते. सीट उंचावल्यामुळे सिग्नलवर पाय टेकायला आधीपेक्षा जास्त वाकावं लागेल, त्याची सवय होते.

मे आणि डिसेंबर

काही पोस्टमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी रबरासारखा इलॅस्टोमर असतो. तो उन्हात मऊ पडतो, थंडीत कडक होतो. पारा ४५ च्या वर जातो आणि सायकल दुपारभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये असते, तेव्हा संध्याकाळी हा पोस्ट जास्त दबतो. तोच डिसेंबरच्या पहाटे फुटाळा तलावावर दगड वाटतो. पोस्ट बिघडला म्हणून दुकान गाठू नका. उन्हाळ्यासाठी एक पायरी कडक इलॅस्टोमर ठेवा, थंडीत जुना परत घाला. हा त्रास नको असेल तर आपल्या हवेत लोखंडी स्प्रिंगच बरी.

डोलणं, करकर, डगडग

पॅडल मारताना सीट वरखाली डोलते का? आधी गिअर बघा. सेमिनरी हिल्सच्या चढावर जड गिअर रेटत गेलात तर कुठलाही पोस्ट डोलेल. हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा. तरीही डोलत असेल तर सॅग तपासा.

करकर बहुतेकदा सस्पेन्शनमधून येतच नाही. ती येते सीटच्या क्लॅम्पमधून किंवा फ्रेमच्या नळीत शिरलेल्या धुळीतून. पोस्ट काढा, पुसा, धातूच्या फ्रेमला ग्रीसचा पातळ हात द्या. कार्बनच्या फ्रेमला किंवा पोस्टला ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं कोरडा राहिला की गंजून असा चिकटतो की नंतर करवत लावायची पाळी येते. पावसाळ्यात एक-दोनदा काढून नळीतलं पाणीही ओतून द्या.

टेलिस्कोपिकमध्ये सीटचं टोक किंचित डावी-उजवीकडे हलणं स्वाभाविक आहे. ती डगडग महिन्यागणिक वाढत असेल तर आतला बुश, म्हणजे दोन नळ्यांमधली कडी, झिजला. स्वस्त पोस्टचा बुश वेगळा मिळत नाही, तेव्हा पोस्टच बदलावा लागतो.

सीटपोस्टला अडकवायचं बाळाचं सीट किंवा कॅरिअर सस्पेन्शन पोस्टवर लावू नका. हलत्या भागावर ते टिकत नाही. कॅरिअर फ्रेमला बसवून मागे मूल बसवत असाल, तर लिंकेजच्या सांध्यांवर कव्हर हवंच. दांड्या मिटताना मधल्या फटीत बोट सापडतं आणि मागे बसलेल्या मुलाचा हात नेमका तिथंच पोचतो.