तिकडचं सरकार बदललं की इकडे ठाण्यात आपण नक्की काय करायचं

घोडबंदर रोडला आमच्या विंगमध्ये २८ फ्लॅट, त्यातल्या ९ घरांतली पोरं बाहेर. त्यामुळे अमेरिकेत निवडणूक असली की आमच्या लिफ्टमध्ये जेवढी चर्चा होते तेवढी ठाणे महापालिकेच्या निवडणुकीला पण होत नाही. आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, आता आपल्या पोरांना काढणार का हो? मी वकील वगैरे नाही, पण बहिणीचा मुलगा तिकडे, मैत्रिणीची मुलगी इंग्लंडला जायच्या खटपटीत, त्यामुळे गेली काही वर्षं हे सगळं वाचून वाचून डोक्यात जे बसलंय ते लिहिते.

सगळ्यात आधी एक बघायचं, बदल कुठल्या कागदाने होतोय. संसदेत कायदा करायचा तर महिने जातात, कधी कधी होतच नाही. खात्याचा नियम बदलायचा तर आधी मसुदा, मग लोकांच्या हरकती, मग अंतिम नियम, यातही वेळ जातो. उदाहरण म्हणजे एच-४ वाल्या बायकांचं वर्क परमिट. एच-१बी म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, आणि त्यावर गेलेल्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो तो एच-४. ओबामांच्या काळात २०१५ ला नियम करून दिलं, ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये काढणार काढणार म्हणून चार वर्षं सगळ्यांचा जीव टांगणीला, शेवटी काढलं गेलंच नाही आणि बायडन आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तो प्रस्तावच मागे घेतला. त्या चार वर्षांत आमच्या ओळखीतल्या दोघींनी घाबरून नोकऱ्या बदलल्या, एकीने तर घर घ्यायचं रद्द केलं, कशासाठी, तर व्हॉट्सअपवरच्या बातमीसाठी.

पण राष्ट्राध्यक्षाच्या सहीने जे होतं ते एका रात्रीत होतं. निर्वासितांना याचा सगळ्यात मोठा फटका बसतो, कारण अमेरिकेत वर्षाला किती निर्वासित घ्यायचे तो आकडाच राष्ट्राध्यक्ष ठरवतो. बायडनच्या वेळी मर्यादा १,२५,००० होती, ट्रम्पने २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी ती ७,५०० केली. त्याआधी २० जानेवारी २०२५ ला शपथ घेतली त्याच दिवशी निर्वासितांची योजनाच थांबवली, ज्यांची सगळी तपासणी होऊन तिकिटं निघाली होती अशा लोकांची विमानं रद्द झाली. नोकरीवाल्याला निदान मागे यायला घर असतं, यांना ते पण नाही. निर्वासित म्हणजे काय हे आपल्या ठाणे जिल्ह्याला वेगळं सांगायला नको, फाळणीनंतर सिंधी माणसं कल्याण कॅम्पात आली त्याचंच उल्हासनगर झालं, आजही तिथे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना कॅम्प नंबर ४ असंच सांगतात.

तर बातमी आली की तीन गोष्टी शोधायच्या. कायदा आहे की नियम की सहीचा आदेश, लागू कुठल्या तारखेपासून, आणि आधीपासून तिथे असलेल्यांना लागू की फक्त नवीन अर्जाला. मधे कोर्ट पण असतं हे विसरायचं नाही, लहानपणी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आणलेल्या मुलांना बाहेर काढण्यापासून वाचवणारी डाका नावाची योजना २०१७ ला बंद करायला निघाले होते ते २०२० ला सुप्रीम कोर्टाने अडवलं.

यातली तिसरी गोष्ट, आधीच्यांना लागू की फक्त नव्यांना, ही किती महाग पडते ते आमच्याच घरात बघितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये भाचा आला होता, वडील जाऊन दोन वर्षं झाली, सर्वपित्रीला घरी असावं म्हणून रजा टाकून आलेला. शनिवारी २० तारखेला सकाळी उठलो तर एच-१बी ला १ लाख डॉलर फी, म्हणजे तेव्हाचे ८८ लाख रुपये, आणि लागू कधी तर आपल्याकडच्या रविवारी सकाळी साडेनऊला. कंपनीच्या वकिलाचा मेल, देशाबाहेर असाल तर वेळ संपायच्या आत परत या. मिळेल त्या भावाने तिकीट काढलं, दुपारी बाराला निघाला, मानपाड्याला ट्रॅफिकमध्ये अर्धा तास, ताई मागच्या सीटवर डबा धरून बसलेली. विमान हवेत असताना, मध्यरात्रीनंतर खुलासा आला की फी फक्त नवीन अर्जांना, आधीचा व्हिसा असलेल्यांना नाही. रविवारी सकाळी ताई श्राद्धाच्या स्वयंपाकाला लागली तेव्हा हा न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत उभा.

आता लोक म्हणतात थांबायला हवं होतं. मला नाही पटत. मूळ आदेशात ते स्पष्ट नव्हतं आणि वकील या म्हणतोय तर जायचंच, तिकिटाचे पैसे परत कमावता येतात. म्हणून पोरगं भारतात आलं की शेवटच्या क्षणीचं तिकीट निघेल एवढे पैसे हाताशी ठेवायचे, सगळे शॉपिंगमध्ये उडवायचे नाहीत.

कागदांचं सांगते. व्हिसाचा स्टॅम्प आत शिरायला लागतो, पण किती दिवस राहायचं ते आय-९४ वरच्या, म्हणजे आत शिरताना होणाऱ्या नोंदीवरच्या, तारखेवर ठरतं, आणि पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर बऱ्याचदा तारीख पासपोर्टपुरतीच देतात. म्हणजे तीन वर्षांचं अप्रूव्हल असून माणूस आठ महिन्यांचा पाहुणा, आणि ते लक्षातच येत नाही कारण बघतं कोण. तिकडे उतरल्यावर त्याच रात्री ऑनलाइन काढून बघायला सांगा. पासपोर्टला वर्षभर उरलं असेल तर आधी तो रिन्यू करून घ्या. सगळ्या कागदांची एक कॉपी इकडे आईवडिलांकडे पण असू दे. नोकरी गेली तर पुढची सोय बघायला साधारण ६० दिवस असतात, तेव्हा कागदांची शोधाशोध करायची नसते.

आणि स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा नवा स्टॅम्प लावून घेणं, बाकी असेल तर लग्नाकार्याला येताना दहा वेळा विचार करा. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी वाल्यांचं सोशल मीडिया तपासायचा नियम आला आणि मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीसाठी थांबलेल्या कितीतरी जणांच्या तारखा थेट पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये किंवा त्याच्याही पुढे गेल्या. चार आठवड्यांची रजा आणि तीन महिने घरी, कंपनी किती दिवस ऐकून घेणार.

इंग्लंडबद्दल थोडक्यात, तिकडे पक्ष बघून अंदाज बांधू नका. जुलै २०२४ ला लेबर पक्षाचं सरकार आलं, आल्या आल्या बेकायदा येणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना गुंडाळली, तेव्हा सगळे म्हणाले चला आता सैल होणार. त्याच सरकारने जुलै २०२५ पासून केअर वर्करची, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांची, बाहेरून भरती बंद केली, आणि शिकून झाल्यावर तिथे राहून नोकरी करायला मिळणारी दोन वर्षं जानेवारी २०२७ पासून दीड वर्षावर येतायत. मैत्रिणीच्या मुलीकडे नवी मुंबईतला एक एजंट केअर वर्करच्या व्हिसाचे पैसे मागत होता, तेही भरती बंद झाल्यानंतर. तिला म्हटलं सरकारी साइट उघड आणि त्याच्यासमोर वाच. तिने वाचलं, तर म्हणतो मॅडम आतून सेटिंग आहे. उठून निघून आली.

भाच्याचा पुढचा स्टॅम्प लागायचाय, त्यामुळे यंदा सर्वपित्रीला येत नाही म्हणालाय. भटजींना व्हिडिओ कॉलवर चालेल का विचारलं, ते म्हणाले चालेल, फक्त तिकडचं सकाळचं बघू नका, वेळ आपली धरा, म्हणजे त्याला रात्री अडीचला अंघोळ करून बसावं लागेल.