लस गावापर्यंत न्यायची तर आधी बर्फ मोजा

बी. फार्म. किंवा लॉजिस्टिक्सचा कोर्स संपवलेली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं अधूनमधून विचारतात, "लसींच्या वाहतुकीत काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठा रेफ्रिजरेटेड ट्रक असतो. ट्रकचा भाग खरं तर सगळ्यात सोपा. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याची कोविशिल्ड बेळगावच्या विभागीय भांडारात आली आणि तिथून उत्तर कर्नाटकातल्या जिल्ह्यांना वाटली गेली. डोकं खाल्लं ते शेवटच्या वीस-तीस किलोमीटरनी. आरोग्य केंद्रातून एक निळा डबा मोटारसायकलवर निघतो, त्यापुढचं सगळं.

नियोजन करताना नवखा माणूस सगळ्यात आधी फ्रिजची जागा मोजतो. आयएलआरमध्ये, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेल्या लसींच्या फ्रिजमध्ये, किती व्हायल, म्हणजे लसीच्या कुप्या, बसतील? कोविशिल्ड काय, कोव्हॅक्सिन काय, दोन्ही २ ते ८ अंशांत राहणाऱ्या, त्यामुळे जागेची अडचण फारशी आलीच नाही. अडलं ते आईसपॅकवर. एका व्हॅक्सिन कॅरिअरला, म्हणजे त्या निळ्या डब्याला, चार पॅक लागतात. केंद्रातला छोटा डीप फ्रीजर दिवसाला साधारण वीस ते पंचवीस पॅक गोठवतो. म्हणजे रोज पाच-सहा कॅरिअर, त्याहून जास्त नाही. नेहमीचं लसीकरण आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी असतं, मधल्या दिवसांत पॅक पुन्हा गोठतात. कोविडमध्ये सत्रं रोज. संध्याकाळी परत आलेला पॅक दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होत नाही, त्याला चोवीस तास हवेत. सत्रं वाढवायची तर पॅकचा दुसरा संच आणि तो गोठवायला दुसरा फ्रीजर लागतो. नवा प्लॅन हातात आला की मी अजूनही लसीच्या आकड्याआधी बर्फाचा आकडा बघतो.

आता पॅक 'कंडिशन' करणं. पुस्तकात हे एका ओळीत उरकलंय. फ्रीजरमधून काढलेला पॅक उणे पंधरा-वीस अंशांवर असतो. तो तसाच कॅरिअरमध्ये ठेवला तर भिंतीला टेकलेली व्हायल गोठते. कोव्हॅक्सिनसारख्या ॲल्युमिनियमयुक्त लसी एकदा गोठल्या की कामातून गेल्या, आणि वितळल्यावर नुसतं बघून ते कळेलच असं नाही. म्हणून पॅक टेबलावर मांडायचे, अंगावर घाम धरू द्यायचा आणि कानाजवळ धरून हलवायचे. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की भरायचे. वेळ किती लागतो? एप्रिलमध्ये अथणीत चहा होईस्तोवर पॅक तयार. जुलैत जांबोटीकडे, धुकं दारात आलेलं असताना, तेच पॅक बराच वेळ दगडासारखे पडून राहतात. नर्सबाई सात वाजता निघणार असतील तर पॅक मांडणारा माणूस किती वाजता यायला हवा, हे तालुक्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतं. एक्सेलमध्ये त्यासाठी एक रकाना ठेवा, थट्टा नाही. लोक उन्हाला घाबरतात, पण आमच्या घाटाकडे मला तरी गोठण्याचीच धास्ती जास्त वाटते.

डोसचं गणित सोपं दिसतं. कोविडसाठी वाया जाण्याचं प्रमाण दहा टक्के धरून १.११ ने गुणायचं असा हिशेब होता. १८० लोक, तर २०० डोस, म्हणजे दहा डोसच्या वीस व्हायल. एका कॅरिअरमध्ये १६ ते २० व्हायल मावतात, म्हणजे बरोबर एक डबा. निपाणी शहरात हे चालायचं. भीमगडच्या जंगलातल्या गवाळी, आमगावसारख्या गावात तेरा माणसं बाकी असली तर दोन व्हायल फोडाव्या लागायच्या आणि सात डोस जायचे. पस्तीस टक्के! कारण कोविशिल्डची व्हायल उघडली की चार तासांत संपवावी लागायची. सरासरीचा आकडा अशा ठिकाणी कुचकामी. तिथे आशाताईंच्या वहीतली नावं हाच खरा डेटा. कोण परगावी गेलंय, कोण दुसऱ्या डोसचं आहे, शेजारच्या वाडीतून कोण चालत येईल, हे त्यांना तोंडपाठ असतं. दुपारी तीनला 'अजून तिघंच आहेत, नवी व्हायल फोडू का?' असा फोन येतो, तेव्हा उत्तर त्या वहीतच असतं. ऊसतोडीच्या दिवसांत तर सकाळचं सत्र लावूच नका. माणसं फडात असतात.

सीमाभागाची आणखी एक गंमत. कोविनवर कुणीही कुठेही लस घेऊ शकत होतं. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बेळगावात दवाखान्याला येतो, इथल्या कितीतरी घरांच्या लेकी-सुना पलीकडच्या. लसीचा पुरवठा मात्र दोन्ही राज्यांना वेगवेगळा, आणि वाटप लोकसंख्येच्या आकड्यांवर. सीमेवरच्या शिनोळीच्या बाजूचं केंद्र असेल तर कागदावरच्या लोकसंख्येवर विसंबू नका, आधीच्या आठवड्यात प्रत्यक्ष किती आले ते बघा. २०२१ मध्ये राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला मागत, तेव्हा चालकाची कागदपत्रंही गाडीइतकीच तयार ठेवावी लागत. जुलैत वेदगंगेचं पाणी यमगर्णीला महामार्गावर आलं आणि रस्ताच बंद. कल्लोळ-यडूरचा बंधारा तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. तेव्हा जूनमध्येच नदीपलीकडच्या केंद्रांना थोडा जादा साठा देऊन ठेवायचा. फार नाही, कारण तिथली लाईट गेली तर तोच साठा अडचणीत येतो. चांगला आयएलआर दिवसाला आठ तास सलग वीज मिळाली तरी तापमान धरतो, पण ते झाकण वारंवार उघडत नसाल तरच.

'शाश्वत' हा शब्द आता प्रत्येक मुलाखतीत विचारतात. सोलर म्हटलं की गुण मिळतात. बॅटरीविना चालणारा सोलर फ्रिज छानच असतो, दिवसा बर्फ साठवतो आणि रात्री त्यावर राहतो. अथणी, रायबागच्या उन्हात मी तो डोळे झाकून सुचवेन. कणकुंबीला सुचवण्याआधी मात्र उन्हाशिवाय तो किती दिवस तग धरतो हे विचारेन. जागतिक आरोग्य संघटनेची अट किमान तीन दिवसांची आहे आणि आमच्याकडे पावसाळ्यात सूर्य आठवडा-आठवडा तोंड दाखवत नाही. फ्रिजमधला वायूही बघा. जुना आर-१३४ए गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. आर-६००ए त्या मानाने नगण्य. पण डिझेलची सगळ्यात मोठी बचत झाली ती साध्या गोष्टीत. लस पोचवून रिकामी परतणारी गाडी वाटेतल्या केंद्रांचे रिकामे कॅरिअर, वापरलेले पॅक आणि दुरुस्तीचं सामान घेऊन येऊ लागली. जवळच्या सत्रांना गोठवलेल्या पॅकऐवजी फ्रिजमधले गार पाण्याचे पॅक वापरता येतात. गोठण्याची भीती नाही आणि फ्रीजरवरचा ताणही कमी.

शिक्षणाचं विचाराल तर वाटा बऱ्याच आहेत. औषधनिर्माणाची पदविका असेल तर केंद्रातला साठा तुमच्याकडे येऊ शकतो. आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला असेल तर तुमची गरज सगळ्यांना आहे, फक्त मान कमी मिळतो. लसींच्या फ्रिजदुरुस्तीचं प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय शीतसाखळी केंद्रात होतं. पदवीधरांनी ई-विनवर, म्हणजे लसींच्या नोंदींच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, साठा आणि तापमान कसं वाचायचं ते शिकावं. आणि कन्नड. बोलण्यापुरतं पुरणार नाही, वाचता आणि लिहिता आलं पाहिजे, कारण तापमानाची नोंदवही, बदलीचे आदेश, मागणीपत्र सगळं त्यातच असतं. मुलाखतीला जाण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात परवानगी काढून एक सकाळ बसा, पॅक कोण आणि किती वाजता काढतं ते बघा. फार्मासिस्टना विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने सांगतात, फक्त सत्राच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी काही विचारू नका.