छोट्या बाथरूमसाठी वॉशिंग मशीन घेताय? या चुका टाळा

मला मशीन बसवायला बोलावतात तेव्हा ते आधीच दारात येऊन पडलेलं असतं. मग सांगून उपयोग नसतो, म्हणून खरेदीआधीच सांगतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे फक्त कोपरा मोजणं. डोंबिवलीतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकूंनी बाथरूममधला कोपरा टेप लावून मोजला होता. फ्रंट लोड साधारण ६० सेंमी रुंद, ८५ सेंमी उंच. यांचं ५५ सेंमी खोल होतं. कागदावर सगळं बसत होतं. पण बाथरूमचं दार दोन फुटांचं, आणि उघडलेल्या दाराची जाडी चौकटीतच येते. उरले साडेबावीस इंच. दार बिजागऱ्यांतून काढलं, मशीन आडवं फिरवून आत नेलं. मागे पाइप आले तसं मशीन चार इंच पुढे सरकलं, आणि समोर कमोड! मशीनचं दार अर्धंच उघडे. ओली चादर बाहेर काढता येईना. खोकं फोडलेलं, त्यामुळे दुकानदार परत घेईना. शेवटी स्वयंपाकघरातली मोरी मोडून तिथे बसवलं. काकूंची भांडी घासायची जागा कायमची गेली.

मी आता प्रत्येकाला वर्तमानपत्रं जोडून मशीनच्या मापाचा कागद जमिनीवर चिकटवायला लावतो. मागे चार इंच, पुढे मशीनच्या दारासाठी दीड फूट धरायचे. दोन दिवस त्याच्या आजूबाजूने अंघोळ-संडास करून बघा. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं लोक विचारतात. दहा वर्षं वापरायच्या वस्तूला दोन दिवस द्यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

टॉप लोडचं झाकण वर उघडतं. वर गिझर किंवा फळी असेल तर तीही उंची मोजा.

दुसरी चूक शेवटच्या मजल्यावरची. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनना किमान ०.३ बार, म्हणजे टाकी तीन मीटर वर लागते. तुमची टाकी तर डोक्यावरच्या स्लॅबवर. मग पाणी भरता भरता मशीन थांबतं, एरर दाखवतं, आणि घरचे म्हणतात पीस खराब आहे. माझी सवय सांगतो: जिथे मशीन लागणार त्याच नळाखाली दहा लिटरची बादली ठेवायची. मिनिटभरात भरली नाही तर आधी प्रेशर पंपाचा खर्च धरायचा. नाहीतर सेमी ऑटोमॅटिक घ्या. त्याला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. बादलीने पाणी ओतूनही ते कपडे स्वच्छ धुतं.

मात्र सेमीचं पाणी उताराने जातं, त्याचा पाइप खाली नहाणीपाशीच हवा. पंपवाल्या ऑटोमॅटिकचा पाइप जमिनीवर टाकलात, तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं. तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर, बहुधा दोन-तीन फुटांवर अडकवा.

हीटरवालं मशीन एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात लावू नका. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट आधी करून घ्या.

फ्रंट लोडच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर पहिल्याच स्पिनला मशीन बाथरूमभर नाचतं. काढलेले बोल्ट पिशवीत घालून बिलासोबत ठेवा. घर बदलताना तेच परत लावायचे असतात.