लॅबमध्ये एआय बसवण्याआधीची तयारी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या ज्या छोट्या लॅब ब्लड स्मिअर (काचेच्या स्लाइडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) वाचणारं किंवा रिपोर्ट आपोआप पास करणारं एआय सॉफ्टवेअर घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी किंमत विचारण्याआधी आपला नोंदणीचा काउंटर बघावा. आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत, पेशंट सांगतो मराठीत, आणि ज्योतिबाच्या स्पेलिंगमध्ये कधी ‘वाय’ असतो, कधी नसतो. बाईचं चंदगडच्या माहेरी एक आडनाव, खानापूरच्या सासरी दुसरं. रिपोर्ट पास करण्याआधी सॉफ्टवेअर डेल्टा चेक करतं, म्हणजे आजचा आकडा त्याच माणसाच्या मागच्या आकड्याशी ताडून बघतं. माणूसच दुसरा धरला तर ते ताडणार कशाशी? म्हणून प्रत्येकाला एकच कायमचा नंबर द्या, जुन्या दुहेरी नोंदी गाव आणि जन्मतारीख विचारून जोडा, ट्यूबवर बारकोड पेशंटसमोरच लावा. मोबाइल नंबरवरून ओळख ठरवू नका, अनेक घरांत सगळ्यांचा मिळून एकच नंबर दिलेला असतो.

जांबोटी-कणकुंबीसारख्या लांबच्या गावांहून येणाऱ्या सॅम्पलवर रक्त काढल्याची वेळ हवीच. साध्या ट्यूबमध्ये सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) वेगळं न करता ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्के घसरते, पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं. वेळ लिहिलेली नसेल तर सॅम्पल किती वेळ पडून होतं हे सॉफ्टवेअरला नेमकं कळत नाही.

स्लाइडच्या कामात मात्र अजिबात घाई नको. पेशी दिसाव्यात म्हणून स्लाइड रंगवायला आपल्याकडे बहुतेक लीशमन स्टेन. बाहेरची बरीच सॉफ्टवेअर राइट किंवा मे-ग्रुनवाल्ड-गीम्सा या दुसऱ्या स्टेनच्या फोटोंवर शिकलेली. रंग बदलला की पेशी ओळखण्यात चूक होते. तेव्हा आधी आपला स्टेन रोज सारखा येतो ना ते बघा, स्टेनबरोबर वापरायच्या बफर पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ६.८ वर ठेवा. मग कंपनीला आपल्याच साठवलेल्या स्लाइड द्या: मलेरिया, डेंग्यूतले रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट (संसर्गामुळे रूप बदललेल्या पांढऱ्या पेशी), ब्लास्ट (रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या अपक्व पेशी), ईडीटीए या ट्यूबमधल्या रक्त न गोठू देणाऱ्या रसायनामुळे झालेले प्लेटलेटचे गठ्ठे. पॅथॉलॉजिस्टची उत्तरं आधीच लिहून पाकिटात बंद ठेवा. कंपनी दाखवेल त्या एकूण टक्केवारीवर जाऊ नका. शंभर पेशींत एकच ब्लास्ट असेल आणि तोच सुटला, तरी ९९ टक्के बरोबर येतात. गठ्ठ्यांची स्लाइड तर मी पुन्हा पुन्हा चालवून बघायला सांगेन. ते ओळखले गेले नाहीत तर प्लेटलेट खोट्या कमी दिसतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत घाबरलेली माणसं भाड्याची गाडी करून रात्रीच पेशंटला बेळगावला हलवतात.

यूपीएस आणि इंटरनेट गेल्यावर काम कसं चालेल हे लिहून ठेवा. फोटो बाहेरच्या सर्व्हरवर जाणार असतील तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लक्षात घेऊन करारात नाव-पत्ता काढायची अट घाला. धोक्याच्या पातळीचा आकडा किंवा ब्लास्टचा संशय असलेला रिपोर्ट आपोआप सुटू देऊ नका. तो पॅथॉलॉजिस्टने बघायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. परीक्षेच्या स्लाइड तारीख घालून पेटीत जपा, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की त्याच पुन्हा चालवायच्या आहेत.