वायर लावल्यावर लॅपटॉप वाजला का?

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला तो मिस कॉलवर चालू-बंद होणाऱ्या मोटारीचा. आमचं गाव औसा तालुक्यातलं. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची, आणि बोअर घरापासून बांधाबांधानं दीड किलोमीटर. असला स्टार्टर बाजारात तयार मिळतो हे मला माहीत होतं, सरांनीही तोंडावर तेच सांगितलं. पण आपल्या हातानं केलेल्या डब्यावर अण्णांची मोटार चालावी, एवढीच हौस. सामान मागवलं: अर्डुइनो नॅनो ह्या प्रोग्राम टाकून चालवायच्या छोट्या बोर्डाची स्वस्तातली नक्कल, सिम८००एल हे जीएसएम मॉड्यूल (सिम घालून कॉल घेणारं) आणि एक रिले (छोट्या विजेनं चालणारा स्विच). आणि मग तीन दिवस त्या नॅनोवर नुसता एलईडी लुकलुकवायचा प्रोग्रामसुद्धा चढेना.

त्या तीन दिवसांत मी जे केलं तेच नवीन पोरं आजही करतात, म्हणून सांगतो. सॉफ्टवेअर चार वेळा काढून परत टाकलं. प्रोग्राममधल्या ओळी उगाच इकडच्या तिकडं केल्या. मित्राच्या लॅपटॉपवर नेऊन बघितलं, पण जाताना केबल मात्र माझीच नेली. पोर्टच्या यादीत कॉम३, कॉम४ असे दोन पोर्ट दिसायचे, त्यातला कधी हा निवडायचा, कधी तो. (ते दोन्ही लॅपटॉपच्या ब्लूटूथचे होते, हे फार पुढं कळलं.) शेवटी बोर्डच जळका आलाय असं ठरवून मोकळा झालो.

लातूरला गंजगोलाईपाशी एका चाचांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना अर्डुइनो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी आपलं गाऱ्हाणं सुरू केलं, "चाचा, प्रोग्राम अपलोडच होईना गेलाय." त्यांनी हातातला मोबाईल खाली ठेवला नाही की मान वर केली नाही. म्हणाले, "बाळा, वायर लावल्यावर लॅपटॉप वाजतो का?"

वाजत नव्हता. जोडलेलं यंत्र ओळखलं की विंडोज 'टुंग' करतो, तसा तो कधीच वाजला नव्हता. बोर्डवरचा लाल दिवा लागतो म्हणजे वायर चांगली, असं मी धरून चाललो होतो. नॅनोसोबत केबल आली नव्हती, म्हणून घरातल्या जुन्या स्पीकरच्या खोक्यातली मिनी यूएसबी केबल वापरत होतो. चाचांनी ती दोन बोटांत धरून चुरगाळली आणि "ही नुसती चार्जिंगची" म्हणून बाजूला टाकली. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात: लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये शेवटच्या दोन घालतच नाहीत. दिवा लागतो, बाकी सगळा सन्नाटा. दुसरी केबल लावली आणि लॅपटॉप वाजला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

तुमच्या बोर्डला मायक्रो किंवा सी पिन असेल तर केबल तपासणं सोपं आहे. त्याच केबलनं मोबाईल लॅपटॉपला जोडा. मोबाईलनं 'फाइल ट्रान्सफर'चं विचारलं तर केबल माहिती नेते. सी पिनच्या काही स्वस्त बोर्डांचं आणखी एक त्रांगडं असतं. दोन्हीकडं सी असलेली केबल लावली की बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो, आणि एका बाजूला जुनी चौकोनी पिन असलेली केबल लावली की उठून बसतो. बनवणाऱ्यानं सॉकेटपाशी ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, दुसरं काही नाही.

आता मुद्द्याचं. 'सिरियल पोर्ट', म्हणजे लॅपटॉप आणि बोर्ड ज्यातून बोलतात ते दार, नॅनोसारख्या बोर्डांवर मुख्य चिपचं नसतं. नॅनोवर वर दिसते ती एटीमेगा३२८पी. बोर्ड उलटा केला की खाली दुसरी चिप दिसते, नक्कल असेल तर बहुतेक सीएच३४०. लॅपटॉपशी यूएसबीत बोलायचं आणि मुख्य चिपशी दोन तारांवर सिरियल बोलायचं, ही दुभाष्याची नोकरी तिची. पोर्ट दिसतो तो हिच्यामुळं. म्हणून मुख्य चिप पार जळालेली असली तरी पोर्ट दिसू शकतो, आणि बोर्ड ठणठणीत असूनही पोर्ट दिसत नाही असंही होतं. हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण मग दोष दुभाष्याच्या अलीकडं आहे की पलीकडं, एवढंच शोधायचं उरतं.

अलीकडची तपासणी अशी. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'पोर्ट्स'ची यादी बघा, मग केबल काढा आणि परत लावा. जे नाव जातं आणि येतं तो तुमचा पोर्ट. बाकीच्यांकडं बघूही नका. काहीच जात-येत नसेल तर केबल किंवा सॉकेट. पिवळा त्रिकोण असलेलं अनोळखी नाव येत असेल तर ड्रायव्हर (चिप ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) नाही, मग चिपवरचं नाव वाचून तिचाच ड्रायव्हर टाका. सीएच३४०ला सीपी२१०२ ह्या दुसऱ्या दुभाष्या चिपचा ड्रायव्हर चालत नाही. आणि केबल दुसऱ्या भोकात लावली की पोर्टचा नंबर बदलू शकतो. काल कॉम५ होता म्हणून आज असेलच असं नाही.

लिनक्सवाल्यांसाठी दोनच गोष्टी. पोर्ट दिसतो पण परवानगी नाकारली जाते, तेव्हा स्वतःला 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. आणि उबुंटू २२.०४ वर सीएच३४०चा पोर्ट येऊन लगेच गायब होत असेल तर 'बीआरएलटीटीवाय' हा ब्रेल यंत्रांसाठीचा प्रोग्राम त्याला आपलं यंत्र समजून पकडतो. तो काढून टाकला की झालं.

पोर्ट दिसतो, तरीही 'ॲक्सेस डिनाइड' किंवा 'पोर्ट बिझी' येतं, तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीत तोच पोर्ट उघडा आहे. एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट वापरू शकतो.

माझा पोर्ट आला, ड्रायव्हर बसला, आणि नवीन अडचण उभी राहिली: 'नॉट इन सिंक', दहा वेळा, एकाखाली एक. या संदेशाला पोरं फार भितात. त्याचा अर्थ इतकाच, की लॅपटॉप हाका मारतोय आणि पलीकडून ओळखीचं उत्तर येत नाही. का येत नाही हे तो सांगत नाही, त्यालाही माहीत नसतं.

माझ्या बाबतीत कारण क्षुल्लक निघालं. प्रोग्राम आत घेणारा छोटा बूटलोडर चिपमध्ये आधीच बसवलेला असतो. नॅनोच्या जुन्या बूटलोडरचा वेग ५७६०० बॉड (म्हणजे सेकंदाला तितके बिट), २०१८ पासूनच्या नव्याचा ११५२००. नक्कल बोर्डांवर जुनाच असणं अगदी नेहमीचं आहे. टूल्स मेनूत 'प्रोसेसर'मध्ये 'ओल्ड बूटलोडर' निवडलं आणि एलईडी लुकलुकला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी आईला उठवून दाखवला. ती म्हणाली, "एवढंच?"

इथं बॉडचं थोडं सांगतो. सिरियलमध्ये ठेका धरायला वेगळी तार नसते. दोघांनी आधीच वेग ठरवलेला असतो आणि प्रत्येक जण आपल्या घड्याळावर बिट मोजतो. ९६०० बॉडला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. मृदंग एका लयीत आणि टाळ दुसऱ्या लयीत वाजायला लागले तर अभंगाचं जे होतं, तेच इथं होतं: सिरियल मॉनिटरवर (बोर्ड काय बोलतो ते दाखवणारी खिडकी) चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, कचरा. असा कचरा दिसला तर खुश व्हा. केबल, ड्रायव्हर, पोर्ट सगळं बरोबर आहे, फक्त मॉनिटरच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा प्रोग्राममधल्या आकड्याशी जुळवायचा आहे. ईएसपी८२६६ ह्या वायफायच्या चिपचा बोर्ड सुरू होताना पहिल्या एक-दोन ओळी कचरा येतोच, कारण तो त्या ओळी ७४८८० बॉडला बोलतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

दोन दिवसांनी जीएसएम मॉड्यूल जोडलं आणि अपलोड पुन्हा बंद. कालपर्यंत चालणारा बोर्ड, तीच केबल, तोच पोर्ट. ह्या अडचणीनं माझे सगळ्यात जास्त तास खाल्ले. मॉड्यूलच्या बोलायच्या आणि ऐकायच्या तारा मी नॅनोच्या आरएक्स आणि टीएक्सला, म्हणजे ० आणि १ नंबरच्या पिनांना जोडल्या होत्या. नावं जुळली म्हणून जोडल्या. पण ह्याच दोन पिनांवर खालचा दुभाष्याही बोलतो. शिवाय त्याच्या आणि मुख्य चिपच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर असतो, मॉड्यूल मात्र थेट पिनला जोडलेलं. दोघं एकाच वेळी बोलायला लागले की मॉड्यूलचा आवाज मोठा ठरतो आणि लॅपटॉपची हाक चिपपर्यंत पोचतच नाही. अपलोड करताना ० आणि १ मोकळे ठेवा. कायमचा उपाय म्हणजे सॉफ्टवेअर सिरियल (दुसऱ्या पिनांवर सिरियल बोलू देणारी लायब्ररी) वापरून मॉड्यूल १० आणि ११ वर न्या आणि वेग ९६०० ठेवा. ११५२०० ला ते नॅनोवर धड चालत नाही.

मॉड्यूलबद्दल आणखी थोडं, कारण पुढचं भूत तिथूनच आलं. सिम८००एल हाक मारायला लागलं की क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं, आणि त्याला व्होल्टेज हवं ३.४ ते ४.४. मी त्याला नॅनोच्या ५ व्होल्टवर टांगलं होतं. नेटवर्क शोधायला लागलं की व्होल्टेज खाली, नॅनो रीसेट, कधीकधी लॅपटॉपमधून पोर्टच गायब. मला वाटायचं ड्रायव्हर परत बिघडला. वेगळा पॉवर सप्लाय दिला, पण दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडायचे राहिले, मग परत कचरा. ग्राउंड जोडले, शांत झालं. शिवाय सिम घातलं होतं फक्त फोरजी चालणारं, आणि हे मॉड्यूल टूजीचं. त्यात सिरियलचा काही दोष नव्हता, पण संध्याकाळ गेलीच.

ह्या सगळ्यात कुणी मला आधी ही परीक्षा शिकवली असती तर किती बरं झालं असतं. बोर्डवरचं बाकीचं सगळं सोडवा. रीसेटची पिन एका तारेनं ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपते. ० आणि १ ह्या पिना एकमेकींना जोडा. सिरियल मॉनिटर उघडून 'राम राम' लिहून पाठवा. 'राम राम' परत आलं तर लॅपटॉप, केबल, ड्रायव्हर आणि दुभाष्या ठीक. दोष पलीकडं: बूटलोडर, निवडलेला बोर्ड किंवा रीसेट. परत आलं नाही तर अलीकडं शोधा, कोडला हात लावू नका. दोन तारांचं काम आहे, पाच मिनिटांचं.

रीसेटचंही बघून घ्या. अपलोड सुरू होताना लॅपटॉप 'डीटीआर' नावाची इशाऱ्याची तार खाली ओढतो (म्हणजे तिचं व्होल्टेज शून्यावर नेतो), ती ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला धक्का देते, आणि बूटलोडर थोडाच वेळ कान देऊन बसतो. धक्का बसला की 'एल' दिवा लुकलुकतो. लुकलुकत नसेल तर रीसेटचं बटण दाबून धरा आणि पडद्यावर 'अपलोडिंग' दिसलं की सोडा. ईएसपी३२ वर ठिपके पडत राहतात आणि पुढं सरकत नाही, तेव्हा 'बूट'चं बटण दाबून धरायचं.

ह्याच डीटीआरनं अण्णांसमोर माझी फजिती केली. डबा स्टार्टरला जोडला, मिस कॉल दिला, मोटार चालू झाली. अण्णा खुश. सगळं नीट चाललंय का बघावं म्हणून बांधावर बसून लॅपटॉप जोडला, मॉनिटर उघडला आणि मोटार बंद पडली. परत चालू केली, परत मॉनिटर उघडला, परत बंद. अण्णा म्हणाले, "तू निस्ता बघू नकोस तिकडं, बघितलं की बंद पडायलीय." खरंच तसं होतं. मॉनिटर उघडला की डीटीआरचा धक्का बसतो, नॅनो रीसेट होतो, रिले सुटतो. रीसेट आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला की हा धक्का जिरतो. अपलोड करताना मात्र तो काढायची आठवण ठेवावी लागते. आणि थ्री-फेजच्या स्टार्टरला डबा जोडलेला असताना अपलोड करायचंच नाही. आधी फ्यूज काढायचे, मग लॅपटॉप उघडायचा.

पुढं वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर. मुलाखतीत विचारलं होतं, "पीएलसीला लॅपटॉप जोडला आणि कनेक्ट होईना, आधी काय बघशील?" मी केबलपासून सुरुवात केली, तेव्हा समोरचे साहेब पहिल्यांदा हसले. कामावर अर्डुइनो नाही, पण वीजमीटर मॉडबस ह्या भाषेत, आरएस-४८५ पद्धतीच्या दोन सिरियल तारांवर बोलतात. पहिल्याच महिन्यात बारापैकी एक मीटर बोलेना. वेग बरोबर, ए-बी तारा बरोबर, पत्ता बरोबर. त्याची पॅरिटी (चूक पकडायला जोडायच्या जादा बिटाची पद्धत) 'इव्हन' होती आणि बाकी अकरांची 'नन'. मीटर बदलायची ऑर्डर टाइप होत होती.

गावाकडची आणि कॉलेजची पोरं अजून फोन करतात, करा. फक्त फोन करायच्या आधी एवढं जवळ ठेवा: बोर्ड कुठला, खालच्या चिपवर काय लिहिलंय, केबल काढली-लावली की यादीतून कुठलं नाव जातं-येतं, आणि बोर्डला आत्ता काय काय जोडलेलं आहे. एररचा संदेश पहिल्या ओळीपासून कॉपी करून पाठवा. लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाईलनं तिरका काढलेला फोटो पाठवू नका, त्यात मला फक्त तुमच्या खोलीतला ट्यूबलाईट दिसतो.