चाळ रिकामी करण्याआधी: ट्रंकेतली आणि आठवणीतली आंबेडकरी आणि कामगार चळवळ कशी टिपून ठेवावी

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. ती रिकामी करायची तारीख कळली की आधी भांडीकुंडी, कपाट, टीव्ही हलतो आणि पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक सगळ्यात शेवटी उघडते. युनियनच्या पावत्या, सभेची पत्रकं, जलशाच्या गाण्यांची वही, मोर्च्यातला एखादा फोटो यातलं बरंचसं रद्दीत जातं ते याच घाईत. म्हणून तारखेच्या निदान दोन महिने आधी कामाला लागा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. तिची बातमी परळच्या किंवा नायगावच्या खोलीत पोचल्यावर देव्हारा कोणी उतरवला, कुठे नेला, त्या रात्री घरात कोण जेवलं नाही, हे मात्र त्या घरालाच ठाऊक. आपल्याला टिपायचं आहे ते हे.

आधी बोलणं, मग कागद

पहिल्या बैठकीत ट्रंक उघडू नका. कागद समोर आला की आजोबा कागद वाचायला लागतात आणि आठवण बाजूला राहते. पहिली बैठक नुसती बोलण्याची, ६० ते ९० मिनिटांची. मग आठेक दिवसांनी दुसरी, तेव्हा एकेक कागद त्यांच्या हातात द्या. मधल्या दिवसांत खूप काही वर येतं. शेजारच्या मावशींना फोन होतो, विसरलेली नावं सापडतात.

वेळ दुपारी दोन ते चारची घ्या. सकाळी पाणी भरायची गडबड, संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांचा दंगा. पंखा बंद ठेवा. उकाडा असह्य झाला तर मध्ये थांबून लावा, पण चालू पंख्याखाली रेकॉर्डिंग नको. ती घरघर नंतर आवाज न बिघडवता काढणं अवघड जातं. फोन फ्लाइट मोडवर टाका. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, आणि पदराला लावत असाल तर बांगड्या व मंगळसूत्र त्यावर घासणार नाही असा. फाइल एमपी थ्रीऐवजी वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. एका माइकची फाइल तासाला सुमारे ५०० एमबी होते, तेवढी जागा आधीच मोकळी करा. सुरुवातीला तारीख, चाळ, खोली आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात सांगा. एक मिनिट टिपून, ऐकून बघा आणि मगच पुढे जा.

काय विचारायचं

‘तुमच्यावर कोणाचा प्रभाव पडला?’ असं विचारलंत तर उत्तरात घोषणा मिळते. ‘बाबासाहेबांमुळे आम्ही माणूस झालो’ हे वाक्य खरं असतं, मनापासून म्हटलेलं असतं, पण त्यामागचा दिवस त्यात दिसत नाही. तेव्हा दिवसच विचारा. पहिल्या सभेला कोणाबरोबर गेलात? अंगावर काय होतं? परत यायला किती वाजले, दार कोणी उघडलं, काय बोलणी बसली? घरात पहिलं वर्तमानपत्र कोणी मोठ्यानं वाचून दाखवलं? आडनाव कोणी बदललं, शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलं? पहिल्या पगारातली वर्गणी युनियनला दिली तेव्हा गावाकडच्या मनीऑर्डरीचं काय झालं?

प्रश्न विचारून गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. बहुतेक मुलाखती बिघडतात त्या विचारणाऱ्याला शांतता सोसवत नाही म्हणून. ‘म्हणजे तेव्हा तुम्हाला जाणीव झाली, हो ना?’ असं आपणच म्हणून टाकतो, समोरचे ‘हो’ म्हणतात, आणि पुढे ते शब्द त्यांचेच म्हणून छापले जातात.

आजी म्हणतील, ‘मला काय माहीत, यांना विचारा.’ हे तिथेच सोडू नका. आजींना वेगळं, एकटीला बसवून विचारा. मोर्च्याला गेलेल्यांच्या भाकऱ्या कोणी भाजल्या, पोलीस आले तेव्हा कागद कुठे लपवले, संपाच्या दिवसांत उधारी कोणी मागितली, हे त्याच सांगू शकतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून हेच काम केलं. ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ ला आलं नसतं तर त्यातली कितीतरी नावं आज कोणाला माहीत नसती.

सन विचारू नका, खूण विचारा. ‘१९५५ साली’ म्हटल्यावर चाचपडणारा माणूस ‘फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा’ म्हटल्यावर धडाधड बोलतो. कागदावर एक शिडी लिहून जवळ ठेवा: २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार, ६ डिसेंबर १९५६, १ मे १९६०, बहात्तरचा दुष्काळ, चौऱ्याहत्तरची वरळीची दंगल, १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप, १४ जानेवारी १९९४ चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार. ‘संपाआधी की नंतर? थोरला तेव्हा कितवीत होता?’ एवढ्यावर दोन वर्षांच्या अंतरात नेमका काळ सापडतो. नातू मध्येच तारीख दुरुस्त करू लागला तर त्याला हळूच थांबवा. चुकीची तारीखही रेकॉर्डिंगमध्ये तशीच राहू द्या. दुरुस्ती टिपणात करता येते.

गाणं आलं तर आधी पूर्ण गाऊ द्या, मग शब्द विचारा. शेवटच्या कडव्यात बहुधा कवीच्या नावाची छाप असते, जशी लोककवी वामनदादा कर्डकांच्या गीतांत ‘वामन’. त्यामुळे शेवटचं कडवं कधीही सोडू नका. चाल कोणत्या गाण्यावरची, हेही टिपा.

कागदाचं वय

पुष्कळ पत्रकांवर दिवस आणि महिना असतो, साल नसतं. ते कागदच सांगतो. रक्कम आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. पत्त्यात ‘मुंबई १२’ असा नुसता विभाग असेल तर बहुतेक जुना. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. ‘मुंबई राज्य’ छापलेलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं, ते कापून टाकू नका, फोटोतही घ्या. कात्रण ‘प्रबुद्ध भारत’चं म्हणून सांगितलं आणि मजकूर १९५४ चा असेल, तर ते ‘जनता’चं असण्याची शक्यता जास्त. बाबासाहेबांचं ‘जनता’ हे पत्र १९३० ला निघालं आणि फेब्रुवारी १९५६ ला त्याचं नाव ‘प्रबुद्ध भारत’ झालं.

हात लावताना

लॅमिनेशन कधीही नको. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि कागद आत पिवळा पडतो. सेलोटेपही नको, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरं खातो. स्टेपलच्या गंजलेल्या पिना चपट्या चमच्याच्या टोकानं उचकटा, ओढू नका. ओल लागलेला कागद उन्हात टाकला तर वळतो आणि तडकतो. सावलीत, टिपकागदाच्या दोन तावांत, वर हलकं वजन ठेवून वाळवा. काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या भरीस पडू नका, काचेसकट स्कॅन करा.

कागद ३०० डीपीआयवर, फोटो ६००वर, दोन्ही बाजूंनी. फोटोच्या पाठीमागचं पेन्सिलीतलं नाव पुढच्या चेहऱ्यांइतकंच मोलाचं. क्रमांक घालायचा तो मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात. बॉलपेन आणि शाई दुसऱ्या बाजूला फुटते. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, बाजूला मोजपट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा.

एका तासाचं बोलणं उतरवायला पाच ते सात तास लागतात. उतरवताना भाषा शुद्ध करू नका. ‘म्या’, ‘व्हतं’, मालवणी हेल, गिरणीतले शब्द, ‘साचा’ (माग), ‘बदली’ (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला), ‘पाळी’ (शिफ्ट), सगळं जसंच्या तसं. कोणत्या मुलखातून माणूस मुंबईला आला हे त्यातच ऐकू येतं.

संमती कागदावर घ्या: कोण ऐकू शकेल, नाव छापायचं का, कोणता भाग बंद ठेवायचा. जात, पोलीस केस, घरातली भांडणं आली असतील तर रेकॉर्डिंग त्यांना पुन्हा ऐकवा आणि मगच सही मागा. कुटुंबाची प्रत सगळ्यात आधी द्या, पेन ड्राइव्हवर आणि छापूनही. आणखी दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक त्या घराबाहेर. मूळ कागद ग्रंथसंग्रहालयाला द्यायचे ठरले तर देणगी की ठेव हे लिहून घ्या, यादीवर पोच घ्या. घरीच ठेवायचे असतील तर ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका, आणि दर वर्षी पाऊस संपला की ट्रंक उघडून कसर लागली नाही ना, ते पाहा.